खोक्यावरचं नाव सोड, आतलं सांग

२०२३ ची दिवाळी आठवड्यावर आली होती. मिरजेहून भाचीचा फोन आला. "मामा, रात्री प्रोसेसिंग लावून झोपले. पहाटे बघते तर सगळं गोठलेलं. माउससुद्धा हलेना." हे तिसऱ्यांदा झालं होतं.

ती भूगोलात एम.एस्सी. करते, मिरज ते कोल्हापूर रोज रेल्वेने. प्रकल्प घरचाच म्हणायचा, कृष्णेचा पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा कुठली जमीन पाण्याखाली होती हे उपग्रहाच्या चित्रांवरून काढायचं. पावसाळ्यात साध्या चित्रांत नुसते ढग दिसतात, म्हणून सेंटिनेल-१ ची रडारची चित्रं घ्यायची. ती वाचायला यूरोपियन स्पेस एजन्सीचं स्नॅप आणि नकाशा करायला क्यूजीआयएस. दोन्ही फुकट, दोन्ही लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारी. लॅपटॉप मात्र ८ जीबी रॅमचा, आणि रॅम आतल्या मदरबोर्डालाच डाग देऊन बसवलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही.

भावोजींनी ५० हजार काढून ठेवले होते आणि "यात बसव" एवढंच म्हणाले होते. बसवायचं होतं मॉनिटर आणि यूपीएससकट. कीबोर्ड-माउस घरात होते. मशीन तिला स्वतः जोडायचं होतं आणि त्यावर लिनक्सच घालायचं होतं. मी गेली कित्येक वर्षं दिवसभर लिनक्सवरच असतो, म्हणून सल्लागार मी. या हकिगतीतली सर्वांत महागडी चूकही माझीच आहे.

आधी हिशेब, मग यादी

तिने पाठवलेली पहिली यादी यूट्यूबवरची होती. गेमिंगची. निम्मं बजेट ग्राफिक्स कार्डात, रॅम १६ जीबी, कॅबिनेटला तीन रंगीत पंखे. चुलतभावाने वर शिक्का मारला होता की ग्राफिक्स कार्डाशिवाय असेंबल्ड पीसी म्हणजे टायपिंगचं मशीन.

मी तिला एक गुणाकार करायला लावला. सेंटिनेल-२ च्या, म्हणजे साध्या चित्रांच्या उपग्रहाच्या, एका तुकड्यात १० मीटर तपशिलाच्या पट्ट्याला (एका रंगाच्या थराला) १०,९८० गुणिले १०,९८० बिंदू असतात. म्हणजे बारा कोटी. एका बिंदूला दोन बाइट धरले तर एक पट्टा साधारण २४० एमबी. असे चार पट्टे उघडले की जवळजवळ एक जीबी. गणित करायला घेतलं की दोनाचे चार बाइट होतात, म्हणजे दुप्पट. त्यातून निघालेलं मधलं चित्र वेगळं, भूभागाप्रमाणे दुरुस्त केलेलं आणखी वेगळं. रडारचं एक चित्र तर जमिनीची २५० किलोमीटर रुंदी घेतं, त्यामुळे तिथे आकडा याच्याही वर जातो. ८ जीबीतून ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझर वजा केले तर स्नॅपच्या वाट्याला उरतं काय? लॅपटॉप पहाटे का गोठत होता ते तिचं तिलाच कळलं.

मग यादीची उलटापालट झाली. पहिल्या ओळीवर रॅम, ३२ जीबी. ग्राफिक्स कार्ड यादीतून बाद.

याचा अर्थ ग्राफिक्स कार्ड निरुपयोगी असं नाही. तिला मशीन लर्निंग करायचं असतं आणि त्याला क्यूडा, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डावर गणित चालवायची सोय, लागत असतं, तर मी मुकाट्याने एनव्हिडियाचं कार्ड लिहिलं असतं आणि त्याच्या ड्रायव्हरची कटकटही पत्करली असती. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बसणारा भाग खुला केला, पण तोही ट्युरिंग नावाच्या पिढीच्या आणि तिच्यापुढच्या कार्डांपुरता. एएमडीचा ड्रायव्हर मुळातच कर्नलमध्ये असतो. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं की पडदा योग्य आकारात उभा राहतो, वेगळं काही घालावं लागत नाही. पहिल्यांदा जोडणाऱ्याला हे मोठं सुख आहे. ज्याला अजून टर्मिनलची, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीची, भीती वाटते त्याच्यावर काळ्या पडद्यासमोर बसून ड्रायव्हर घालायची वेळ आणू नये.

प्रोसेसर ठरला एएमडीचा रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट, आणि पोटात ग्राफिक्स. शेवटचं ते 'जी' अक्षर महत्त्वाचं. नुसता ५६०० घेतला तर त्यात ग्राफिक्स नसतं. बदल्यात त्याची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, दुप्पट असते, ३२ एमबी, आणि पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्ड आणि एसएसडी जोडायचा रस्ता, तोही एक पिढी पुढचा. मोफत काहीच नाही. इंटेलचा आय५-१२४०० घेतला असता तरी मी हरकत घेतली नसती, दोन्हींत डावंउजवं करण्यासारखं फार नव्हतं. तिथला सापळा 'एफ' अक्षरात आहे. १२४००एफ स्वस्त मिळतो, कारण त्यातलं ग्राफिक्स बंद असतं. नवखा माणूस तो घेऊन घरी येतो, मॉनिटरची वायर बोर्डाला जोडतो आणि पडदा काळाच राहतो. एएमडीची नवी एएम५ सॉकेटची पिढीही बघितली, पण तेव्हा डीडीआर५ रॅम आणि तिचा बोर्ड मिळून बजेट फुटत होतं.

लॅमिंग्टन रोड

दिवाळीत ती डोंबिवलीला आली. भाऊबीज उरकल्यावर दोघं ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात, गेलो. ऑनलाइन दोन-चारशे रुपये वाचले असते. पण पहिल्या मशीनच्या वस्तू हातात घेऊन बघाव्यात असं माझं मत आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्या रस्त्याचा मोह आहे.

रॅमपाशी पहिली वादावादी. दुकानदार म्हणाला, "साहेब, ३२ ची एकच स्टिक घ्या. पुढे दुसरी टाकता येईल." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण ५६००जीच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधून खातं. एका स्टिकमध्ये रस्ता एकपदरी, दोन स्टिकमध्ये दुपदरी. म्हणून १६-१६ च्या दोन घेतल्या, ३२०० वेगाच्या. बोर्डाला चार खाचा होत्या, त्यामुळे पुढची सोयही राहिली.

एसएसडीपाशी मला हवा होता तो प्रश्न तिनेच विचारला, "यात आत कुठली चिप आहे?" दुकानदाराने खोका उलटसुलट केला. "मॅडम, एक टीबी लिहिलंय ना." त्यालाही दोष नाही. कंपन्या तेच नाव, तोच खोका ठेवून आतली मेमरी किंवा कंट्रोलर बदलतात हे अनेकदा झालेलं आहे. टीएलसी मेमरी म्हणून जी मालिका नावाजलेली असते, तिच्याच पुढच्या खेपेत क्यूएलसी, म्हणजे स्वस्त पण लिहायला हळू मेमरी, येऊ शकते. रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. मोठी फाइल लिहायला घेतली की वेग थोड्या वेळाने कोसळतो, आणि हिचं काम तर मोठ्या फाइलींचंच. आम्ही थोडी महाग घेतली, जिच्या माहितीपत्रकात टीएलसी स्पष्ट लिहिलेलं होतं. पुढच्या पिढीच्या वेगवान एसएसडीला पैसे घातले नाहीत, कारण ५६००जी तो वेग घेऊच शकत नाही.

एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, फार बोलत नाही. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो घेऊ नये, इतकंच. आम्ही ५५० वॉटचा, वीज कमी वाया घालवण्याच्या ब्राँझ प्रमाणपत्राचा घेतला. हे मशीन दीडशे वॉटच्या आसपासच राहतं, पण पुढेमागे कार्ड टाकायचं झालं तर एसएमपीएस बदलावा लागू नये.

मदरबोर्डावर सर्वांत जास्त वेळ गेला. बी५५० चिपसेट, मागे बायोस फ्लॅशचं बटण असलेला, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम (बायोस) नव्याने लिहायचं बटण. हे बटण मी हट्टाने मागितलं. वाय-फाय असलेला बोर्ड दीड हजाराने महाग होता. मी विचारलं, "राउटर घरातच आहे ना?" ती म्हणाली, "हो." संपलं. केबल टाकू, दीड हजार वाचले. राउटर घरात कुठे आहे हे मी विचारलंच नाही.

हिशेब असा झाला: प्रोसेसर ११,८००, बोर्ड ८,९००, रॅम ६,२००, एसएसडी ४,६००, एसएमपीएस ४,१००. मॉनिटर, कॅबिनेट आणि ६०० व्हीएचा यूपीएस तिने नंतर सांगलीत घेतले, ते १४,८०० ला पडले. एकूण ५०,४००. वरचे चारशे मी दिले, भावोजींना कळू न देता. बाकीचे खोके पाठपिशवीत घालून ती महालक्ष्मी एक्सप्रेसने गेली. एसएमपीएसचा खोका उशाला घेऊन झोपले, असं नंतर तिने सांगितलं.

काळा पडदा

जोडणी व्हिडिओ कॉलवर झाली. एएम४ च्या, म्हणजे ५६००जीच्या सॉकेटच्या, प्रोसेसरला खालून पिना असतात, १,३३१. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. तो आपल्या वजनानेच खाली बसतो. तिचा हात थरथरत होता, माझाही. रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. आठ पिनांची प्रोसेसरची वेगळी वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लागते, ती नवखे लोक विसरतात. ती विसरली नाही.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. बोर्डाच्या कडेला 'सीपीयू' लिहिलेला बारीक दिवा लाल.

तिचा चेहरा पडला. मी मात्र मनात म्हटलं, आलं कामाला बटण. बोर्डाच्या खोक्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' असा स्टिकर होता आणि दुकानदाराने तो बोटाने दाखवलाही होता. स्टिकर खोटा नव्हता. रायझन ५००० चे पहिले डेस्कटॉप प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मध्ये आले, ५६००जी दुकानात आला ऑगस्ट २०२१ मध्ये. मधल्या काळात बनलेल्या बोर्डाचा बायोस ५००० ओळखतो, पण ५६००जी ओळखत नाही. आमचा बोर्ड त्या मधल्या काळातला, फळीवर पडून राहिलेला.

उपाय साधा, पण पायऱ्या चुकवून चालत नाही. जुन्या लॅपटॉपवर बोर्डाच्या कंपनीच्या पानावरून ताजा बायोस उतरवला. पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा आणि एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेला निघाला, बोर्डाला तो वाचता येईना. भावोजींच्या दुकानातून जुना ८ जीबीचा आणला, फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केला, फाइलला बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलं नाव दिलं आणि खूण केलेल्या यूएसबी खाचेतच घातला. आणि हे सगळं यूपीएसवर, कारण बायोस लिहिताना मध्येच वीज गेली तर बोर्ड विटेसारखा पडून राहायचा. बटण दाबल्यावर दिवा लुकलुकायला लागला. पाच-सहा मिनिटं दोघंही काही बोललो नाही. दिवा थांबला, मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं आणि पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह आलं. मागून ताईचा आवाज, "झालं का? जेवायला या."

बायोसमध्ये गेल्यावर रॅम २४०० वर चालताना दिसली. ३२०० चे पैसे दिलेले असताना. तिथलं एक्सएमपी नावाचं सेटिंग चालू केलं की ती ठरल्या वेगावर जाते, पण ते आपण होऊन करावं लागतं. अनेकांची मशीनं वर्षानुवर्षं हळू रॅमवर चालतात आणि मालकाला पत्ता नसतो.

लिनक्स मिंट २१.२ वीस मिनिटांत बसलं. पडदा, आवाज, झोपवणं-उठवणं, सगळं विनासायास. तिची एकच तक्रार, "मामा, रॅम ३२ घेतली आणि इथे ३१ पण पूर्ण दिसत नाही. फसवलं का?" नाही. ग्राफिक्सने आपला वाटा आधीच बाजूला काढून ठेवला होता.

सीडी, जी सीडी नव्हती

आता माझी चूक. त्यांचं मिरजेतलं घर जुनं, दगडी भिंतींचं, दुमजली. राउटर खाली, भावोजींच्या दुकानाला लागून. तिची खोली वर, मागच्या बाजूला. केबल न्यायची तर दोन हात जाडीची भिंत फोडायची, आणि ते आजी ऐकणार नव्हत्या. म्हणजे वाय-फाय हवंच.

मला न विचारता ती जवळच्या दुकानातून ६५० रुपयांचा वाय-फायचा यूएसबी डोंगल घेऊन आली. खोक्यावर लिनक्सचं पेंग्विनही होतं. लावला. वाय-फायच्या यादीत काही नाही. पण डेस्कटॉपवर एक सीडी उगवली. मशीनला सीडी ड्राइव्ह नसताना! तिने मला पडद्याचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, "भूत."

मी तिला टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' लिहायला सांगितलं. यूएसबीला काय काय जोडलंय याची ती यादी देते. त्यात एक ओळ होती ०बीडीए:१ए२बी. ०बीडीए म्हणजे रिअलटेक. १ए२बी म्हणजे हा डोंगल आत्ता सीडीचं सोंग घेऊन बसलाय. विंडोजवाल्यांना ड्रायव्हर शोधत फिरायला नको म्हणून डोंगलच्या पोटात तो ठेवलेला असतो आणि पहिल्यांदा लावल्यावर डोंगल स्वतःची ओळख सीडी अशी करून देतो. तिला म्हटलं, त्या सीडीवर उजवं क्लिक कर आणि 'इजेक्ट' म्हण. तिने केलं. सीडी गेली. पुन्हा एलएसयूएसबी. त्याच जागी आता ०बीडीए:सी८११. सोंग उतरलं आणि खरं नाव कळलं. आरटीएल८८११सीयू.

पण वाय-फाय अजूनही नाही. मिंट २१.२ बरोबर कर्नल ५.१५ येतो. या जातीच्या यूएसबी डोंगलचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ६.२ पासून. खोक्यावरच्या पेंग्विनचा अर्थ इतकाच की कोणीतरी कुठेतरी वेगळा ड्रायव्हर लिहून ठेवलाय, तो आणून स्वतः जुळवून घ्या. ते मला तिच्याकडून करवून घ्यायचं नव्हतं. कर्नल बदलला की असा ड्रायव्हर कधीही रुसतो.

नवा कर्नल उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी नवा कर्नल हवा. इथे फोन उपयोगी पडला. अँड्रॉइड फोन वायरने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की लिनक्सला ते सरळ नेटवर्क म्हणून दिसतं. मिंटच्या अपडेट मॅनेजरमधून ६.२ घेतला, रीस्टार्ट, आणि वाय-फायची यादी आली. दोन दिवस आनंद टिकला. तिसऱ्या दिवशी रडारची एक जीबीची फाइल सहाशे एमबीवर तुटली. मग पुन्हा तुटली. पत्रं-बित्रं बघायला डोंगल ठीक होता, हिच्या कामाला नव्हता.

मी खरेदीच्या वेळी विचारायला हवं होतं ते आता विचारलं आणि तिने इंटेल एएक्स२०० चिप असलेलं पीसीआय कार्ड मागवलं, २,३०० रुपयांचं. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ५.१ पासूनच आहे. तिला एवढंच बजावलं की नंबर नीट बघ. एएक्स२०० आणि एएक्स२१० कुठल्याही बोर्डावर चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ फक्त इंटेलच्याच बोर्डांसाठी असतात, दिसायला मात्र जुळी भावंडं. दीड हजार वाचवायला गेलो आणि एकोणतीसशे पन्नास घालवले. ६५० चा डोंगल आता भावोजींच्या दुकानातल्या जुन्या लॅपटॉपला आहे, तिथे विंडोज असल्यामुळे सुखात आहे.

झिणझिण्या

कार्ड यायच्या आधी आणखी एक फोन. "मामा, अनवाणी असताना कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात." हे ऐकून मी आधी तिला प्लग काढायला लावला.

एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींना पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर तो बारीक प्रवाह जमिनीत निघून जातो. नसेल तर पत्रा २३० च्या साधारण निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून फक्त झिणझिण्या. पण तिसरी तार नाही याची ती खूण, आणि खरोखर काही बिघडलं तर वाचवणारी तीच. वायरमनने भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला तर सॉकेट तीन पिनांचं आणि मागे तारा दोनच. खालच्या मीटरपासून वर हिरवी तार ओढून घेतली. त्याचे पैसे आजींनी दिले आणि भावोजींना सुनावलं, की पोर आली नसती तर तुला कळलं नसतं.

स्नॅपचं ते काम, जे लॅपटॉपला रात्रभर लावूनही पुरं होत नव्हतं, ते पहिल्यांदा संध्याकाळी चहाच्या वेळी लावलं आणि जेवणाच्या आधी झालं. बघताना तिने रॅमचा आकडा लिहून ठेवला होता. सर्वांत वरचा २३ जीबी. सोळा जीबी घेतली असती तर इथेही गोठलं असतं.

वाय-फाय कार्ड तिने एकटीने बसवलं, मला न सांगता. रात्री साडेदहाला फोन आला. "मामा, नेट एकदम मस्त. पण यात ब्लूटूथ पण आहे म्हणे, ते दिसतच नाही. एलएसयूएसबीत पण नाही."

मी सांगायला तोंड उघडलं, की अशा कार्डाचं ब्लूटूथ पीसीआयमधून जात नाही, त्याला बोर्डावरच्या यूएसबीच्या पिनांशी वेगळी वायर...

"थांब थांब," ती म्हणाली. पलीकडून खोका उचलून हलवल्याचा आवाज आला. "खोक्यात एक वायर राहिलीय." आणि फोन ठेवून दिला.